समवाय की संयोग? घटककेंद्री गृहशिक्षणाच्या नियोजनाची महाराष्ट्रीय पूर्वपीठिका

प्रस्तावना

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय घेणारी काही सुशिक्षित कुटुंबे आज महाराष्ट्राच्या शहरांत आढळतात. अशा कुटुंबांपुढील पहिला प्रश्न कायद्याचा असतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद या अधिनियमात नाही, त्याचप्रमाणे मुलाला घरी शिकविणाऱ्या पालकासाठी शिक्षाही त्यात सांगितलेली नाही. या संदिग्ध अवकाशात ही कुटुंबे काम करीत असतात व पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षांचा मार्ग अवलंबितात. दुसरा प्रश्न अधिक रोजचा, आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. शाळेची घंटा, तासिका व पाठ्यपुस्तके बाजूला सारल्यानंतर दिवसाची आणि वर्षाची आखणी कशाच्या आधारे करावयाची?

या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर म्हणजे घटककेंद्री अध्ययन होय. नदी, पाऊस, धान्य, वस्त्र असा एखादा विषय केंद्रस्थानी घ्यावा आणि भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला हे सारे त्याच्या अनुषंगाने शिकवावे, अशी ही कल्पना. ती पाश्चात्त्य देशांतून आयात झाली असा समज आपल्या अध्यापक वर्गातही आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या पद्धतीचा एक गंभीर, मोठ्या प्रमाणावरील आणि बऱ्याच अंशी फसलेला प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला आहे. तो का फसला हे समजून घेतल्याविना घरी बसून केलेली कोणतीही आखणी त्याच खड्ड्यात पडण्याचा संभव आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

शिक्षणशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'घटक' हा शब्द फसवा आहे. बी. एड. च्या पाठ टाचणात आणि घटक चाचणीत तो पाठ्यक्रमाचा एक तुकडा एवढ्याच अर्थाने येतो. ज्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (स्थापना १९८९) स्वयंअध्ययनाची पुस्तके हाताळली आहेत, त्यांनाही 'घटक १', 'घटक २' ही मांडणी परिचित असेल. येथे अभिप्रेत असलेला घटक नेमका याच्या उलट आहे. एका विषयाचे तुकडे पाडणे हा त्याचा हेतू नसून अनेक विषयांना एका अनुभवात ओवणे हा आहे.

यासाठी नई तालीमच्या प्रवर्तकांनी एक फार नेमका शब्द योजिला होता, तो म्हणजे समवाय. न्याय-वैशेषिक दर्शनात दोन वस्तूंचा संबंध संयोगाचा असू शकतो किंवा समवायाचा. टेबलावर पुस्तक ठेवले तर तो संयोग. ते उचलले की संबंध संपला आणि दोहोंपैकी कोणाचेही काही बिघडले नाही. तंतू आणि वस्त्र यांचा संबंध मात्र समवायाचा असतो, कारण तंतू काढून घेतले तर वस्त्रच उरत नाही. हे उदाहरण शास्त्रग्रंथांतील पारंपरिक उदाहरण आहे. ज्या शिक्षणयोजनेचा प्रमुख उद्योग सूतकताई होता तिने हाच शब्द स्वीकारावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

या भेदातून नियोजनाची एक साधी कसोटी हाती येते. केंद्रविषय बदलून पाहावा. 'बारा द्राक्षांतील पाच खाल्ली, किती उरली' या उदाहरणात द्राक्षांच्या जागी पेरू घातले तरी गणित तसूभरही बदलत नाही. तेथे द्राक्षाचा आणि वजाबाकीचा केवळ संयोग झालेला असतो. घटककेंद्री म्हणून मिरविणाऱ्या आखण्यांपैकी बऱ्याच या कसोटीला उतरत नाहीत, असे माझे मत आहे.

नाशिकमधील एक घर, १८७८

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात घर ही स्त्रियांची पहिली शाळा होती. सावित्रीबाई फुले यांना अक्षरओळख घरीच जोतीरावांकडून झाली. रमाबाई रानडे यांचे उदाहरण नाशिककरांना अधिक जवळचे वाटावे. न्या. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म (१८४२) निफाडचा, आणि १८७८ मध्ये त्यांची बदली झाली तीही नाशिकलाच. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना शिकविण्यास त्यांनी प्रारंभापासूनच सुरुवात केली होती. तथापि, पुण्याच्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणास तीव्र विरोध होता. नाशिकच्या स्वतंत्र बिऱ्हाडात तो अडसर दूर झाला. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथातून या घरगुती शिक्षणाचे जे चित्र उभे राहते, त्यात वाचन-लेखनाच्या बरोबरीने घर चालविण्याची जबाबदारी आणि खर्चाचा हिशेब यांनाही स्थान आहे. नाशिकमध्येच एका शालेय समारंभात त्यांनी सार्वजनिक स्वरूपाचे पहिले भाषण केले. ते रानड्यांनी लिहून दिलेले होते.

येथे अभ्यासाचा विषय कृत्रिमरीत्या निवडलेला नव्हता. हिशेब चुकला तर घरातील पैसे खरोखरच कमी पडत असत. अंकगणित आणि संसार यांचा संबंध समवायाचा होता. आणखी एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. सावित्रीबाई आणि रमाबाई या दोघींच्याही बाबतीत गृहशिक्षणाने त्यांना घराबाहेर, शाळेकडे आणि सेवासदनासारख्या संस्थेकडे नेले. आजचा प्रवास उलट दिशेचा आहे. ज्या समाजघटकांना शाळेची पायरी चढण्यासाठी संघर्ष करावा लागला त्यांच्या दृष्टीने शाळा सोडण्याचे स्वातंत्र्य ही गोष्ट निरागस नाही. गृहशिक्षणाचा विचार करणाऱ्या मध्यमवर्गाने हे ध्यानी ठेवलेले बरे.

नियोजनाविना घर

गृहशिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक कबुली महात्मा गांधींची आहे. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यासमोर मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. युरोपीय शाळांत अपवाद म्हणून मुलांना घालणे त्यांना मान्य नव्हते आणि मिशनच्या शाळांतील शिक्षण त्यांना पसंत नव्हते. एक इंग्रज शिक्षिका नेमून पाहिली, स्वतः गुजराती शिकविण्याचा प्रयत्न केला. पुढे जोहान्सबर्गला घर ते कार्यालय हे जाऊन-येऊन सुमारे पाच मैलांचे अंतर मुलांसह पायी चालताना बोलता बोलता शिकवावे, अशी व्यवस्था होती. मुलांना दिलेले अक्षरशिक्षण अपुरे राहिले आणि मुलांची त्याबद्दल तक्रार होती, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. चारित्र्यशिक्षणाच्या बाजूने त्यांनी आपल्या निर्णयाचे समर्थनही केले. ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांची नाराजी मात्र अखेरपर्यंत गेली नाही.

या प्रसंगाकडे पितापुत्रांच्या संघर्षाची कहाणी म्हणून पाहिले जाते. शिक्षणाच्या अभ्यासकाने त्यात नियोजनाचा प्रश्न पाहावयास हवा. चालताना होणारा संवाद हा उत्कृष्ट अनुभव असतो, पण वकिलीचे आणि सार्वजनिक कामाचे ओझे वाढले की पहिला बळी त्याचाच जातो. ज्या घरात शिकविणाऱ्याचा वेळ राखीव नाही, तेथे सर्वोत्तम तत्त्वज्ञानही निरुपयोगी ठरते.

तीन तास वीस मिनिटे

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली आणि हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्राममध्ये तिला मूर्त रूप दिले. समवायाची तीन केंद्रे मानली गेली होती: निसर्ग, समाज आणि उद्योग.

या योजनेचे मर्म तिच्या तत्त्वज्ञानापेक्षा वेळापत्रकात अधिक स्पष्ट दिसते. समितीने सुचविलेला शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व अंकगणित यांना मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणाला १० आणि मधल्या सुट्टीला १० मिनिटे. म्हणजे दिवसाचा सुमारे साठ टक्के भाग उद्योगाकडे गेला आणि तरीही मातृभाषेसाठी व अंकगणितासाठी स्वतंत्र वेळ शिल्लक ठेवावाच लागला. समवायाच्या कट्टर पुरस्कर्त्यांनाही सर्व काही उद्योगातून शिकविता येईल असे वाटत नव्हते, याचा हा लेखी पुरावा होय. या वेळापत्रकाची चर्चा बहुधा उद्योगाला दिलेल्या मोठ्या वेळेवरून होते. मला त्यातील दोन चाळीस मिनिटे अधिक बोलकी वाटतात.

मग घसरण कोठे झाली? उद्योगाच्या उत्पन्नातून शाळा स्वावलंबी व्हावी ही अपेक्षा हे एक कारण. वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी तिच्यावर आक्षेप घेतले होते. सुताच्या लांबीची मोजदाद महत्त्वाची ठरली की शिक्षकाचे लक्ष मुलाच्या प्रश्नाकडून चातीकडे वळते. दुसरे कारण अधिक खोल आहे. समवाय घडविणारा शिक्षक स्वतः बहुविषयी व चौकस असावा लागतो. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणातून तसे शिक्षक मोठ्या संख्येने निर्माण होणे शक्य नव्हते. परिणामी टकळीवरचे गाणे म्हणजे भाषा, सुताचे तार मोजणे म्हणजे गणित आणि कापूस पिकविणाऱ्या देशांची यादी म्हणजे भूगोल, असा यांत्रिक सांधा जोडला गेला. समवायाच्या नावाखाली संयोग नांदू लागला. कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) मूलोद्योगाची जागा कार्यानुभवाने घेतली. ज्या उद्योगात सर्व विषय सामावावयाचे होते, तोच वेळापत्रकातील एक तास होऊन बसला.

याच वस्त्राच्या विषयावर जॉन ड्यूई यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत (स्थापना १८९६) काय घडले, ते तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. १८९९ मधील आपल्या व्याख्यानांत ड्यूई सांगतात की, मुलांना कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस हाताळण्यास दिला होता. एका गटाने अर्धा तास खपून सरकी वेगळी केली तेव्हा एक औंसही रुई हाती आली नाही. लोकरीच्या मानाने कापसाचा उद्योग मागे का राहिला होता, याचे उत्तर मुलांना बोटांच्या वेदनेतून मिळाले. सरकी काढण्याच्या यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. येथे कापसाच्या जागी दुसरी वस्तू घालून पाहता येत नाही. ज्या देशात घरोघरी कापूस पिंजला जात होता, तेथील शाळांत हा प्रश्न क्वचितच विचारला गेला असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

कोसबाडचे अंगण

समवायाचा अधिक निरोगी प्रवाह महाराष्ट्रात बालशिक्षणाच्या क्षेत्रात टिकला. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची उभारणी करणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. अनुताईंच्या शिक्षकी आयुष्याची सुरुवातीची वर्षे नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शाळेत गेली होती, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा दगड, शिंपले, बिया, पाने यांतून साधने घडविली. नियोजनाच्या दृष्टीने यातील क्रम लक्षणीय आहे. प्रथम मुलाचा दिवस पाहिला गेला आणि मग त्या दिवसात शिक्षण कोठे बसते याचा शोध घेतला गेला. वर्ध्याच्या योजनेत उद्योग आधी ठरला होता आणि मूल नंतर आले. घरी शिकविणाऱ्या पालकाला उपलब्ध असलेली मोकळीक कोसबाडच्या जातीची आहे.

नाशिकचे एक वर्ष

या पूर्वपीठिकेच्या प्रकाशात एखादा घटक प्रत्यक्ष कसा आखावा? नाशिकच्या संदर्भात द्राक्षाचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्यापाशी एक संपूर्ण वर्ष आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी हा घटक मी एप्रिलमध्ये सुरू करीन, द्राक्षे बाजारात येतात तेव्हा नव्हे. एप्रिलमधील खरड छाटणीत वेल जवळजवळ उघडीबोडकी केली जाते. पुढील दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काहीही दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी माल तयार होतो. छाटण्या दोन आणि पीक एक, असे का? युरोपात थंडीने वेल सुप्तावस्थेत जाते आणि छाटणी एकदाच होते. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून ती विश्रांती कात्रीने द्यावी लागते. अक्षांश आणि हवामान यांचा धडा येथे द्राक्षाला चिकटवावा लागत नाही, तो त्यातूनच निघतो.

बागेतील वेलीचे खोड निरखले तर कलमाचा सांधा दिसतो. खाली 'डॉगरिज' जातीचा खुंट असेल तर त्याचे मूळ अमेरिकेत आहे. अमेरिकेतील खुंट युरोपात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर केवडा म्हणजेच डाऊनी हा रोगही गेला. त्यावर फ्रान्समधील बोर्दो परिसरात मिलार्दे यांनी १८८५ च्या सुमारास मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाचा उपाय प्रसिद्ध केला. तेच बोर्डो मिश्रण नाशिकचा बागायतदार आजही वापरतो. एक टक्का द्रावणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी, हे प्रमाण शेतकऱ्याच्या तोंडी असते. टक्केवारी शिकविण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळणे कठीण. (मिश्रण मुलाने हाताळू नये. लांबून पाहणे पुरेसे आहे.) फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याचा प्रयोग करता येतो. घरच्या काट्यावर चार किलो द्राक्षे वाळवून पाहावीत. साधारण एक किलो बेदाणा मिळतो, पण नेमका किती, हे वजनाच्या रोजच्या नोंदीतून आणि त्यावरून काढलेल्या आलेखातून मुलानेच सांगावे. ड्यूईंच्या एका औंसाशी या प्रयोगाचे नाते आहे.

काय वगळले तेही सांगावयास हवे. द्राक्षांवरील कविता, द्राक्षांची चित्रे, 'कोल्हा आणि द्राक्षे' या गोष्टीचे नाट्यीकरण हे सर्व करता येईल, पण कसोटीवर ते टिकत नाही. मुलाला आवडले तर अवश्य करावे, त्याला नियोजन मात्र म्हणू नये. उलट बागायतदाराशी संभाषण करून ते शब्दशः लिहून काढणे हा भाषेचा खरा पाठ आहे. काडी, डोळा, घड, मणी, खुंट हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याकडूनच ते ऐकले पाहिजेत.

या घटकाला रोज वेळ देण्याची गरज नाही. पंधरवड्यातून एकदा बागेला भेट आणि आठवड्यातून दोन दिवस त्या भेटीतून निघालेले काम एवढे पुरे. एप्रिल ते मार्च असा लांब पट्टा आणि त्याच्या पोटात तीन-चार आठवड्यांचे छोटे घटक (पावसाळ्यात गोदावरीचे पाणी व गंगापूर धरण, हिवाळ्यात पांडवलेण्यांतील कोरीव लेख) अशी दुहेरी वीण मला व्यवहार्य वाटते. दर महिन्याला नवा विषय घेणाऱ्या आखणीत मूल सतत प्रारंभच करीत राहते.

जे घटकात बसत नाही

वर्ध्याच्या वेळापत्रकातील त्या दोन चाळीस मिनिटांकडे आता वळता येईल. पाढे, शुद्धलेखन, दुसऱ्या भाषेचा सराव, अपूर्णांकांची पायरीपायरीने वाढणारी रचना यांना स्वतःचा क्रम असतो आणि तो ऋतूची वाट पाहत नाही. त्यांच्यासाठी रोज सकाळी ठराविक वेळ वेगळा ठेवणे हे समवायाशी प्रतारणा करणे नव्हे. कालानुक्रमाचे भान हेही असेच आहे. इतिहासाचा अध्यापक म्हणून मी सांगेन की, द्राक्षातून १८८५ आणि लेण्यांतून सातवाहन काळ असे सुटे बिंदू मिळतात, परंतु त्यांतून रेषा आपोआप तयार होत नाही. भिंतीवर एक लांब कालपट्टी लावून प्रत्येक घटकातील सन तिच्यावर नोंदविणे हा साधा उपाय आहे.

शिकविणाऱ्याचा वेळ हा प्रश्न जोहान्सबर्गप्रमाणे येथेही सुटलेला नाही. घरातील आखणीचे ओझे बहुतांशी आईवर येते आणि तिच्या श्रमांची गणना कोणत्याही वेळापत्रकात होत नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद असताना हे घराघरांत दिसले होते. बागेची पंधरवड्याची भेट कोण करणार आणि संभाषण कोण तपासणार, हे नावानिशी ठरले नसेल तर तो घटक हाती न घेणे श्रेयस्कर.

परीक्षेचा विचारही आतापासूनच करावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस चौदाव्या वर्षापासून बसता येते, आणि तेथील प्रश्नपत्रिका विषयवार असतात. म्हणून घटकाची नोंदवही दोन बाजूंनी लिहावी. पुढच्या बाजूने दिनांकवार: काय पाहिले, काय मोजले, कोणाशी बोललो. मागच्या बाजूने विषयवार: गणितात काय झाले, विज्ञानात काय, भूगोलात काय. मार्चअखेर वही उलटी धरली की द्राक्षाच्या वर्षात प्रमाण, टक्केवारी, वनस्पतींची वाढ, हवामान हे रकाने भरलेले दिसतील आणि नागरिकशास्त्र व भूमिती हे जवळजवळ कोरे. पुढील एप्रिलचा केंद्रविषय त्या कोऱ्या रकान्यांकडे पाहून निवडावयाचा आहे. भूमितीसाठी येवल्याची पैठणी जवळ आहे, आणि नागरिकशास्त्रासाठी लासलगावच्या कांदा बाजारातील लिलाव.